पत्ता पोटातला, बिऱ्हाड जांघेत

केळापूर तालुक्यात बदली होऊन आलेल्या माणसाचा पहिला गोंधळ पत्त्यावरून होतो. तालुका केळापूरचा, पण तहसील कचेरी, पंचायत समिती, बाजार, एसटी स्टँड, सगळं पांढरकवड्यात. केळापूर हे गाव शेजारी, जगदंबेच्या देवळासाठी ओळखलं जाणारं. मी इथं पशुवैद्य म्हणून रुजू झालो तेव्हा आदेशावर एक नाव आणि एसटीच्या तिकिटावर दुसरं, असाच आलो. पुढं कित्येक वर्षं कुत्र्यांच्या आणि वासरांच्या मालकांना हर्निया म्हणजे काय हे सांगताना हाच दाखला माझ्या कामी आला. आतड्याचा पत्ता पोटातला, बिऱ्हाड मात्र जांघेत. मूत्राशयाचा पत्ता ओटीपोटातला, मुक्काम शेपटीखाली. लोक हसायचे आणि त्यांना कळायचं.

मराठीत याला अंतर्गळ असा जुना, नेमका शब्द आहे. पण दवाखान्यात तो कुणी वापरत नाही. कुणी गोळा आला म्हणतं, कुणी आतडं उतरलं म्हणतं, आणि आताशा हर्निया हा शब्दच जास्त ऐकू येतो, कारण प्रत्येकाच्या घरात कुणाचं ना कुणाचं त्याचं ऑपरेशन झालेलं असतं. त्यामुळे टेबलावर कुत्रं ठेवून मी हर्निया म्हटलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो, "म्हंजे मानसाले होते तोच का जी?"

तोच. पोटाची भिंत स्नायूंची असते. निसर्गानं तिच्यात काही वाटा ठेवलेल्या आहेत: गर्भातल्या नाळेसाठी बेंबीची, वृषणाकडे जाणाऱ्या नळ्यांसाठी जांघेतली, अन्ननलिकेसाठी छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातली. एखादी वाट हवी त्यापेक्षा सैल राहिली, किंवा जिथं वाटच नाही तिथं भिंत फाटली, की आतला ऐवज कातड्याखाली येऊन बसतो. कधी ती नुसती चरबी असते, कधी आतड्याचा वेढा, कधी मूत्राशय, आणि कुत्रीच्या बाबतीत कधी पिलांसकट गर्भाशय. बाहेरून दिसणारा गोळा किती मोठा यावर धोका ठरत नाही. गोळ्याची मान किती अरुंद यावर ठरतो. रुंद भोकातून उतरलेलं आतडं महिनोन्‌महिने ये-जा करत राहतं. अरुंद भोकात अडकलेलं आतडं काही तासांत काळं पडू शकतं. लिंबाएवढ्या गाठीनं गेलेली कुत्री मी पाहिली आहेत आणि नारळाएवढी गाठ घेऊन दोन वर्षं गावभर हिंडलेलीही.

कुत्र्यांच्या हर्नियावर आणि त्याच्या दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेवरची ही पुस्तिका ज्याच्यामुळे लिहायला घेतली त्या वाघ्याची हकीकत इथं सांगून टाकतो. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूचं गाव, तूर भरात आलेली, रात्रीची जागल. आमच्याकडे शेतात कुत्रं असतं ते हौसेसाठी नसतं. रानडुकरांचा कळप शिरला की आधी ते भुंकतं, मग माणूस माळ्यावरून उतरतो. वाघ्या भुंकून थांबला नाही, अंगावर गेला. पाचव्या दिवशी मालक त्याला खताच्या रिकाम्या पोत्यात गळ्यापर्यंत घालून, मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये धरून घेऊन आला.

"डुकरानं मारलं जी. कातडं तं आमीच शिवलं दाभनानं. पन आता हे पहा ना, गोया आला."

उजव्या कुशीत पपईएवढा गोळा होता. त्यावर सुतळीचे तीन टाके, आणि खरं सांगायचं तर टाके वाईट नव्हते. मी तळहात ठेवला तर आत गुरगुर जाणवली, पाण्याची नळी हातात धरल्यावर लागते तशी. वाघ्यानं चावा घेतला नाही. मान वळवून मालकाकडे पाहिलं. केस कापल्यावर कातड्यावरची जखम माझ्या तर्जनीएवढी भरली. भूल देऊन उघडलं तेव्हा खालच्या स्नायूंत चार बोटं आडवी जातील एवढी फट होती, आणि तिच्यातून आतड्याचे दोन वेढे बाहेर येऊन थेट कातड्याच्या अस्तराला टेकलेले. रानडुकराच्या सुळ्याचं काम असंच असतं. तो खालून वर मारतो. कुत्र्याचं कातडं सैल, ते सुळ्याबरोबर सरकतं. म्हणून वर एक भोक आणि खाली सगळी चिरफाड. वाघ्याचं आतडं गुलाबी होतं, एवढं नशीब. कोमट सलाइननं धुतलं, आत लोटलं, कुसळं आणि केस वेचून काढले, स्नायू थराथरानं शिवले. महिनाभरानं तो परत जागलीवर गेला.

हे लिहिताना एक दुसरं कुत्रं आठवतं. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट, जिल्हा वेगळा. तशीच लहान जखम, तशीच कुशीत. मी कातडं शिवलं, इंजेक्शन दिलं, मालकाला धीर दिला. खालचा स्नायू बोटानं चाचपून पाहिला नाही. चौथ्या दिवशी ते कुत्रं परत आलं तेव्हा कातड्याखालचं आतडं सडलेलं होतं. दाभणानं शिवणाऱ्या शेतकऱ्याला मी कधी रागावत नाही, त्याचं कारण हे आहे.

आता वाचक विचारेल की वाघ्याचं पोट तर तुम्ही सरळ उघडलंत, मग या पुस्तिकेत दुर्बीण कुठून आली? प्रश्न रास्त आहे. गेल्या काही वर्षांत आमच्याकडेही तो रोज येऊ लागला. मोबाइलवर व्हिडिओ दाखवत लोक विचारतात की कुत्र्याचंही दुर्बिणीतून होतं म्हणे, मग पोट फाडायचं कशाला. एका आजोबांनी तर दुर्बीण या शब्दाचा सरळ अर्थ धरून विचारलं होतं, "मंग तुमी पांढरकवड्यातूनच करसान का? कुत्रं आनाव लागन का नाही?" शब्दाचीच गंमत आहे. जी दुर्बीण दूरचं पाहायला, ती इथं पोटाच्या आत, आतड्यापासून चार बोटांवर नेऊन ठेवलेली.

या लोकांना उत्तर द्यायला मी वाचायला बसलो आणि पहिल्याच पानावर कुत्रं भेटलं. 1901 साली जर्मनीत हॅम्बुर्गला निसर्गशास्त्रज्ञ आणि डॉक्टरांचं अधिवेशन भरलं होतं. तिथं ड्रेस्डेनचे शल्यचिकित्सक गेओर्ग केलिंग यांनी एका जिवंत कुत्र्याच्या पोटात सुईनं गाळलेली हवा भरली आणि मूत्राशय तपासायची नळी आत घालून पोटातले अवयव पाहून दाखवले. पोट न उघडता, हवा भरून, नळीतून आत पाहण्याचा हा पहिला नोंदलेला प्रयोग. केलिंग यांच्या डोक्यात मूळ प्रश्न वेगळाच होता: पोटात रक्तस्राव होत असेल तर हवेच्या दाबानं तो थांबवता येईल का? त्याचं उत्तर पाहण्यासाठी आत डोकवायची सोय हवी होती, म्हणून ही नळी. माणसाच्या पोटात अशी नळी घालून त्याचा अहवाल छापला तो स्वीडनच्या याकोबेउस यांनी, 1910 साली. म्हणजे नऊ वर्षं ही विद्या एका कुत्र्याच्या नावावर होती. त्या कुत्र्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. केलिंग 1945 मध्ये ड्रेस्डेनवरच्या बाँबहल्ल्यात गेले.

हर्नियाच्या बाबतीतही वळण असंच. अमेरिकेतल्या राल्फ गेर नावाच्या सर्जननी दुर्बिणीतून माणसाच्या हर्नियाची मान आतून क्लिपांनी बंद करण्याच्या प्रयत्नाचा अहवाल 1982 मध्ये छापला. पुढं हीच कल्पना पक्की करायला त्यांनी घेतली ती जन्मजात जांघेचा हर्निया असलेली बीगल जातीची कुत्री. त्यांच्या पोटात आतून शिरून त्यांनी हर्नियाच्या पिशवीचं तोंड बंद केलं आणि 1990 साली ते काम प्रसिद्ध केलं. आज नागपूर-यवतमाळच्या दवाखान्यांत माणसांचे हर्निये तीन भोकांतून दुरुस्त होतात, त्या रस्त्यावर ही बीगल कुत्री उभी आहेत. कुत्र्यांवर शिकलेली विद्या माणसांकडे गेली, स्वस्त झाली, जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचली. कुत्र्यांकडे परत यायला मात्र तिला बराच वेळ लागला आणि तालुक्याच्या गावात ती अजून यायचीच आहे. मला हे उधारीसारखं वाटतं. फेडायची असेल तर नीट फेडावी, मिरवायला फेडू नये.

त्याच 1990 साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातली ती पहिली अशी शस्त्रक्रिया. पोटात नुसतं पाहण्यासाठी ते 1972 पासूनच दुर्बीण वापरत होते. त्यांचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं: ही श्रीमंतांची चैन नव्हे, लहान छेदाची खरी गरज गरिबाला आहे, कारण रोजंदारीवर जाणाऱ्याला महिनाभर खाटेवर पडून राहणं परवडत नाही. जागलीच्या कुत्र्याचंही तेच आहे. त्याच्या रजेच्या दिवसांत डुकरं रजा घेत नाहीत.

मुंबईत परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1886 सालचं. त्याच्या आसपास चालत जाण्याच्या अंतरात माणसांची केईएम आणि टाटा मेमोरियल ही रुग्णालयं. एकाच रस्त्यावर एका फाटकातून माणसं स्ट्रेचरवर जातात, दुसऱ्यातून बैल आणि कुत्री. आमच्या भागाचं मोठं ठिकाण नागपूरचं. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सवर, 1958 पासून. पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्ग 44 नं सरळ उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटर. हे अंतर या पुस्तिकेत पुन्हा पुन्हा येईल, कारण केळापूरच्या कुत्र्यासाठी कुठल्याही शस्त्रक्रियेचा पहिला छेद हे अंतरच देतं.

दुर्बिणीचं ऑपरेशन चालतं कसं, ते थोडक्यात. कुत्र्याला पूर्ण भूल देऊन श्वासनळीत नळी घालतात. मूत्राशय रिकामं करतात. पोटात बारीक सुईनं किंवा छोट्या छेदातून कार्बन डायऑक्साइड भरतात. हाच वायू का? तो पेट घेत नाही, म्हणजे आत विजेचं उपकरण वापरता येतं, आणि रक्तात विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. दाब साधारण 8 ते 12 मिलिमीटर पाऱ्याचा ठेवतात, जास्त नाही; पोट तंबूसारखं वर उचललं गेलं की काम भागतं. मग बहुधा 5 मिलिमीटरच्या दोन-तीन नळ्या. एकीतून कॅमेरा, बाकीच्यांतून चिमटा, कात्री, सुई. टेबल डोक्याकडून खाली झुकवलं की आतडी आपोआप छातीच्या बाजूला घरंगळतात आणि जांघेतली वाट समोर उघडी दिसते. इथं माणसांच्या सर्जनला ठाऊक नसलेली एक खोड आहे. कुत्र्याची प्लीहा मोठी आणि भटकी असते, भुलीच्या काही औषधांनी ती आणखी फुगते. पोटात आंधळेपणानं खुपसलेली सुई नेमकी तिच्यातच जाते. या शस्त्रक्रियेत पहिली दोन मिनिटं सगळ्यांत वाईट, असं हे काम करणारे सांगतात, ते त्यासाठीच.

आता कुठल्या हर्नियाला दुर्बीण आणि कुठल्याला नको. पुस्तिकेत याची प्रकरणं आहेत; इथं फक्त माझा कौल सांगतो.

बेंबीच्या हर्नियासाठी कुणी दुर्बिणीचे पैसे मागत असेल तर मी तरी देणार नाही. पिलाच्या बेंबीत बोटाचं टोक जाईल एवढी मऊ गाठ असते, दाबली की आत जाते. लहान असेल तर सहा महिन्यांच्या आत पुष्कळदा आपोआप मिटते. नाही मिटली तर नसबंदीच्या वेळी तेवढ्याच छेदातून दोन टाके घालता येतात. आईनं नाळ तोडताना ओढली म्हणून झालं असं मालक सांगतात. बहुतेक वेळा ते आनुवंशिक असतं. आईचा दोष एवढाच की तिला व्यायला लावलं. बेंबीवर नाणं ठेवून चिकटपट्टी लावलेली पिलं अजून येतात. नाण्याखाली कातडं ओलं राहून चिघळतं. नाणं काढा, खर्च करा.

जांघेचा हर्निया हे दुर्बिणीचं खरं घर. माणसाच्या जांघेतली ती वाट जन्माच्या आगेमागे मिटते. कुत्र्यात, नरातही आणि मादीतही, ती बारीकशी उघडीच राहते. म्हणून नसबंदी न झालेल्या मध्यमवयीन मादीत गर्भाशय त्या वाटेनं खाली येऊ शकतं. मालकाला ती थानाची गाठ वाटते. मला एकदा वाटली होती. त्या जागी उघडून काम केलं की जखम येते जांघेत, जी कुत्रं चाटतं, जमिनीला घासतं, चिखलात टेकवतं. दुर्बिणीनं भोकं येतात पोटाच्या मध्यरेषेवर, आणि कॅमेऱ्याला दोन्ही जांघा एकाच वेळी दिसतात. उजवीकडचा हर्निया शिवायला गेल्यावर डावीकडे सुरू झालेला सापडतो. पण शिवण पूर्ण बंद करता येत नाही. त्या वाटेच्या मागच्या टोकातून मोठी रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जातात, त्यांना जागा सोडून टाके घालावे लागतात. दोन लांब दांड्यांच्या टोकाला सुई धरून, पडद्याकडे पाहत हे करायचं. ज्याचा हात बसलेला नाही त्यानं उघडून करावं. कुत्र्याचं नुकसान होणार नाही.

शेपटीखालचा हर्निया म्हाताऱ्या, नसबंदी न झालेल्या नरांचा. गुदद्वाराच्या बाजूला मऊ फुगा येतो, कुत्रं शी करताना कण्हतं, मालक एरंडेल देतो. कटिभागाच्या तळाचे स्नायू झिजून आतला गुदाशय बाजूला कलतो, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मूत्राशय उलटं वळून त्या फुग्यात येतं. मग लघवी बंद. ही काही तासांची गोष्ट असते. याची मुख्य दुरुस्ती मागूनच होते, शेजारचा एक स्नायू वळवून खिंडार बुजवून, आणि जोडीला नसबंदी. इथं दुर्बीण मदतनीस. तिच्यातून मोठं आतडं आणि मूत्राशय यांना पोटाच्या भिंतीला टाचून ठेवता येतं, म्हणजे ती पुन्हा मागं घसरत नाहीत. माझ्या मते या दुखण्यावर सगळ्यांत स्वस्त शस्त्रक्रिया वेळेवर केलेली नसबंदीच, पण नराची नसबंदी म्हटलं की आपल्याकडे मालकच पाय आवळून उभा राहतो.

आणि पडदा. केळापूरमधून महामार्ग जातो, रात्रंदिवस ट्रक. धडक बसलेलं कुत्रं उठून चालायला लागतं, घरी जातं, खातं. आठवड्यानं, महिन्यानं त्याला धाप लागते. धडकेच्या दाबानं छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटलेला असतो आणि यकृत, आतडी वर फुप्फुसांशेजारी जाऊन बसलेली असतात. एक्स-रे पाहिला की छातीत आतड्यातल्या हवेची वळणं दिसतात. इथं दुर्बिणीचा आग्रह धरू नका, हे मी शक्य तेवढ्या ठळकपणे सांगतो. पोटात भरलेला वायू फाटलेल्या पडद्यातून सरळ छातीत जातो आणि आधीच दबलेली फुप्फुसं आणखी दाबतो. मोठ्या केंद्रात, निवडक कुत्र्यांवर काही तज्ज्ञ हे करतात. आपल्या वाटेला आलेल्या धडकेच्या कुत्र्यासाठी पोट उघडणारा सर्जन आणि फुगा दाबून श्वास देणारा दुसरा माणूस, एवढी जोडी मिळाली तरी पुष्कळ.

पडद्याचाच एक नवा पाहुणा शहरातून येतो आहे. चपट्या नाकाची महागडी कुत्री, फ्रेंच बुलडॉग वगैरे, यांच्यात श्वास घेताना इतका जोर लागतो की जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या वाटेनं छातीत ओढला जातो. ती खाल्लेलं परत काढतात. त्यांच्यासाठी दुर्बीण उपयोगी आहे, पण आधी नाक आणि घसा मोकळा करावा लागतो. पांढरकवड्यात असं पहिलं कुत्रं माझ्याकडे आलं तेव्हा मालकाला मी विचारलं की एवढे पैसे टाकून घेतलंत कशाला. तो म्हणाला, दिसायला गोड आहे. यावर शस्त्रक्रिया नाही.

रानडुकराच्या जखमेबद्दल वर सांगितलंच. ती घाण असते, तिथं दुर्बीण नको आणि जाळीही नको. माणसाच्या हर्नियात सर्रास वापरतात ती प्लास्टिकची जाळी दूषित जखमेत घातली की तिच्या धाग्याधाग्यात पू साठतो. इथं काम एकच: मोठं उघडायचं, भरपूर धुवायचं, सगळं आतडं वीतवीत हातातून काढून भोक शोधायचं. घरच्यांनी करायचं ते याहून कमी आणि याहून महत्त्वाचं. आतडं बाहेर दिसत असेल तर ते आत ढकलू नका. हळद, तेल, राख, काही लावू नका. स्वच्छ फडकं उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवून त्यावर ठेवा, वरून टॉवेल गुंडाळा, कुत्र्याला फळीवर किंवा चादरीत आडवं घेऊन निघा. तोंड मऊ पट्टीनं बांधा. वेदनेत कितीही मायाळू कुत्रं चावतं. वाटेत पाणीसुद्धा पाजू नका, पुढं भूल द्यायची आहे.

दुर्बिणीच्या फायद्याबद्दल एक गैरसमज मला इथंच खोडायचा आहे, कारण त्यानं मी पाहिलेली एक चांगली शस्त्रक्रिया वाया गेली. बाहेरची भोकं लहान म्हणून मालकाला वाटतं की ऑपरेशनच लहान. एका लॅब्राडोरची जांघ मोठ्या शहरात दुर्बिणीतून शिवून आणली होती. काम सुरेख होतं. तिसऱ्या दिवशी कुत्रा इतका ठणठणीत दिसला की त्याला जीपच्या मागच्या फळीवरून उडी मारू दिली. आतली शिवण उसवली. कातडं दहा-बारा दिवसांत जुळतं, स्नायू पूर्वीच्या ताकदीला यायला कित्येक आठवडे घेतो, मग तो मोठ्या छेदातून शिवला असो की बारीक. दुखणं कमी असणं ही इथं अडचण ठरते. कुत्र्याला कुणी विश्रांती समजावून सांगू शकत नाही. गळ्यात चाटू न देणारी कॉलर, साखळी, आणि घरात एक माणूस जो "अरे, जाऊ दे त्याला" असं म्हणणार नाही.

नागपूर-मुंबई-पुण्याला जायचं ठरवलंच तर निघण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा. यंत्र आहे का हे विचारू नका. पुष्कळ ठिकाणी यंत्र असतं. या प्रकारचे हर्निये तुम्ही स्वतः किती केलेत, हे विचारा. भूल द्यायला वेगळा डॉक्टर असतो का आणि श्वास देणारं यंत्र चालू आहे का. मध्येच पोट उघडायची वेळ आली तर त्याची तयारी असते का. आणि सगळा खर्च, औषधं आणि पुन्हा दाखवायला येणं धरून. दुर्बिणीतून सुरू करून डॉक्टरनं पोट उघडलं तर तो हरला असं समजू नका. ज्यानं वेळेवर उघडलं त्याच्याकडे पुढचं कुत्रं न्या.

ही पुस्तिका माझ्या सहकाऱ्यांसाठीही आहे. तालुक्याच्या दवाखान्यात रोज गाई, म्हशी, शेळ्या, कृत्रिम रेतन, लसीकरण. कुत्र्याच्या पोटासाठी दीड तास काढणं सोपं नसतं हे मला ठाऊक आहे. तेवढा वेळ नसेल तेव्हाही दोन मिनिटं असतातच. कुशीतल्या प्रत्येक जखमेत निर्जंतुक हातमोजा घातलेलं बोट घाला आणि खालचा स्नायू सलग लागतो का पाहा. जांघेतली प्रत्येक गाठ सुईनं तपासण्याआधी कुत्र्याला उताणं करा आणि गाठ आत जाते का पाहा. गाठ समजून सुई आतड्यात गेल्याची उदाहरणं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत, फक्त ती चहाच्या टेबलावर सांगितली जातात, लिहिली जात नाहीत.

वाघ्या त्यानंतर चार पावसाळे काढून गेला, म्हातारपणानं. त्याच्या मालकानं या पुस्तिकेचा कच्चा मजकूर ऐकला आणि एवढंच म्हणाला की यात फोनचा नंबर पहिल्या पानावर टाका, लोक शेवटापर्यंत वाचत नाहीत. म्हणून तो प्रस्तावनेतच देतो: सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा निःशुल्क क्रमांक 1962. गाठ कडक झाली, गरम लागली, आत जाईनाशी झाली, कुत्रं ओकतंय किंवा त्याची लघवी बंद आहे, यातलं एकही दिसलं तर पुस्तिका मिटा आणि आधी फोन लावा.